पत्त्यांची वही

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस, आंब्याचा हंगाम आटोपतांच, आमच्या घराची वांटणी झाली. वांटणी म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तसें आमच्याकडे कांहीं घडलें नाहीं. कोणी कोणाशीं बोलणें टाकलें नाहीं, कीं कोर्टाची पायरी चढावी लागली नाहीं. धाकट्या भाऊजींना समुद्राकडच्या आगरांत पाहुण्यांच्या निवासाची सोय करावयाची होती, आणि तें त्यांनीं स्वतंत्रपणें करावें हें सर्वांनाच पटलें होतें. कलमें मोजून झालीं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, माडीवरच्या खोल्या, तांब्यापितळेचीं भांडीं, पूजेचीं उपकरणीं, सर्वांची नोंद कागदावर उतरली. शेवटीं भाऊजी म्हणाले, “वहिनी, अजून एक राहिलें. ई-मेलांची यादी. तिच्यांतलींहि निम्मीं नांवें मला हवींत.”

चटकन् उत्तर कोणालाच सुचलें नाहीं. कलम चिरून वांटतां येत नसलें तरी त्याचें उत्पन्न वांटतां येतें. परंतु सहाशें अकरा माणसांचीं नांवें वांटावयाचीं म्हणजे काय करावयाचें? आणि मुळांत तीं आमचीं होतीं काय?

ही यादी कशी जमली, एकदां कशी बुडाली आणि पुन्हां कशी उभी राहिली ह्याची हकीकत सांगावी असें मनांत आहे. आंबे, मसाले, लोणचीं, हातमागाचीं लुगडीं, कांहींना कांहीं संकेतस्थळावरून विकणारीं कुटुंबें आतां आपल्यांत थोडीं नाहींत, आणि ‘आमचीं पत्रें गिऱ्हाइकांना पोंचतच नाहींत’ ही तक्रार मीं त्यांच्या तोंडून पुष्कळदां ऐकिली आहे. पत्रें कां पोंचत नाहींत तें मला आमच्याच नुकसानींतून कळलें.

आमचें गांव रत्नागिरी जिल्ह्यांत, खाडीच्या कांठीं. १९८६ सालीं मी सून म्हणून ह्या घरांत आलें तेव्हां आंब्याचा सर्व व्यवहार मामंजी पाहत. दलालाकडे माल जाई तो वेगळा. पण अडीच-तीनशें पेट्या दरसाल मुंबई, पुणें, सांगली येथील घरोघर ठरलेल्या असत. त्या घरांची नोंद लाल खारव्याच्या बांधणीच्या एका जाड वहींत होती. फाल्गुन लागला कीं मामंजी दुपारची वामकुक्षी टाकून ओटीवर बसत आणि पोस्टकार्डें लिहीत. कार्डाला त्या वेळीं १५ पैसे पडत. मजकूर चार-पांच ओळींचाच: मोहोर कसा आला, तुडतुडा पडला कीं नाहीं, पहिली पेटी केव्हां निघेल, डझनाचा भाव काय, आणि भाव वाढला असल्यास कां वाढला.

त्यांची एक रीत मला प्रथम चमत्कारिक वाटली. एखाद्या गिऱ्हाइकानें ‘माझे साडूहि आंबे घेतील, त्यांचा पत्ता असा’ म्हणून कळविलें, तर मामंजी तें नांव वहींत पेन्सिलीनें लिहीत. मग त्या गृहस्थांना एक जोडकार्ड जाई: अमुकांनीं आपला पत्ता दिला आहे; आमच्या आंब्याची वर्दी आपणांस दरसाल पाठवावी काय? ‘पाठवावी’ असें उत्तर आलें तरच पेन्सिलीच्या अक्षरांवर शाई फिरे. उत्तर न आल्यास दिवाळीनंतर तें नांव खोडरबरानें जाई. मीं एकदां धीर करून विचारलें, “मामंजी, हीं कार्डें फुकट कशाला? एकदम भावच कां कळवूं नये?” ते म्हणाले, “सूनबाई, न बोलावतां दारांत उभा राहिला त्याला लोक ओटीवरूनच वाटेला लावतात. बोलावून आला त्याला पाणी तरी विचारतात.”

वहीच्या उजव्या बाजूस ‘शेरा’ म्हणून एक रकाना होता. त्यांत काय नसे! ‘अढींतला नको, कच्चा पाहिजे.’ ‘फळ मध्यम, मुलें लहान.’ ‘बदली झाली, नवा पत्ता मागविणें.’ ‘वैशाखांत मुंज, चार पेट्या लवकर.’ आणि एके ठिकाणीं, ‘यजमान वारले. यंदा कार्ड पाठवूं नये. पुढील वर्षीं विचारून पाठविणें.’ मामंजी गेल्यावर ती वही माझ्याकडे आली व शेऱ्याचा रकाना मीं चालू ठेविला.

मराठी माणसाला ही कला नवी नाहीं. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती लोखंडी नांगर करणाऱ्या एका कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत नेणारें पत्रक म्हणून. लोक तें वाचूं लागले, कारण त्यांत नांगराच्या भावाखेरीज वाचण्याजोगें कांहीं असे. आणि पुढें त्याचेंच मासिक झालें.

असो. माझा पुतण्या, थोरल्या दिरांचा मुलगा, पुण्यास अभियांत्रिकी शिकून २०२० च्या टाळेबंदींत घरीं आला तो राहिलाच. दुसऱ्या वर्षीं त्यानें आमचें संकेतस्थळ उघडलें, पैसे भरण्याची सोय केली, आणि माल घेणाऱ्यांचे ई-मेल पत्ते संगणकांत एका तक्त्यांत भरूं लागला. मुलगा हुशार व कष्टाळू. परंतु त्याला घाई होती. २०२२ च्या फेब्रुवारींत त्यानें कोणा दलालाकडून बारा हजार पत्त्यांची तयार यादी विकत घेतली. ‘मुंबई, पुणें व परदेश येथील सुखवस्तु मराठी कुटुंबें’ असा तिच्यावर मथळा होता. आमच्या साडेचारशें गिऱ्हाइकांच्या तक्त्याला त्यानें ती जोडली, आणि एका रात्रींत सर्वांना पत्र धाडलें: ‘आपल्या आवडीचा हापूस पुन्हां आपल्या दारीं!’

सकाळपर्यंत दोन हजारांवर पत्रें परत आलीं होतीं; ते पत्ते अस्तित्वांतच नव्हते. ज्यांना पोंचलें त्यांपैकीं अनेकांनीं ‘हें पत्र नको असलेलें आहे’ अशी खूण केली. तिसऱ्या दिवशीं, जिच्यामार्फत पत्रें पाठवीत होतों त्या कंपनीनें आमचें खातें बंद केलें. पुतण्यानें दुसरीकडे खातें काढून केवळ जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हां लिहिलें. पण तोंवर आमच्या नांवावरच शिक्का बसला होता. जीं माणसें दहा-दहा वर्षें आमचा आंबा खात होतीं त्यांच्याकडेहि पत्र गेलें तें थेट केरकचऱ्याच्या खणांत. एप्रिलांत एकेकाचे फोन येऊं लागले: “यंदा तुमची वर्दी नाहीं आली, आम्हीं दुसरीकडून घेतले.” आंबा वाट पाहत नाहीं. माल अढींतून उतरूं लागला, आणि घरोघर जावयाच्या पेट्या ट्रक भरून वाशीच्या बाजारांत, पडेल त्या भावाला गेल्या. किती नुकसान झालें तो आंकडा येथें देत नाहीं; घरांत तो सर्वांना पाठ आहे.

त्याहून मला लागलें तें निराळेंच. दादरच्या एका बाईंकडे आमची पेटी पंचवीस वर्षें जात असे. २०२१ च्या वैशाखांत त्यांचे यजमान गेले. त्यांनींच फोन करून पेटी पाठवूं नका म्हणून सांगितलें, आणि मीं तें शेऱ्यांत लिहून ठेविलें होतें. पुतण्याच्या तक्त्यांत मात्र शेऱ्याचा रकाना नव्हता. त्याला त्याचा उपयोग वाटला नव्हता. यजमानांचा पत्ता आमच्या तक्त्यांतहि होता आणि विकत घेतलेल्या यादींतहि. त्यामुळें गेलेल्या माणसाच्या नांवें तें उल्हसित आमंत्रण दोनदां पोंचलें, आणि पत्रपेटी उघडली ती बाईंनीं. त्यांचा फोन आला. रागावल्या नाहींत. इतकेंच म्हणाल्या, “तुमचे मामंजी विचारून पाठवीत असत.” पुतण्या शेजारींच उभा होता. त्या दिवशीं तो जेवला नाहीं.

पावसाळ्यांत आम्ही दोघें ह्या विषयाच्या मुळाशीं गेलों. ई-मेल हें खासगी टपालासारखें सरळ हातांत पडतें ही समजूत चुकीची आहे. मध्यें मोठाल्या कंपन्यांचीं द्वारें आहेत, आणि द्वारपाल प्रत्येक पाठविणाराची चालचलणूक नोंदून ठेवितो: किती पत्ते खोटे निघाले, कितीजणांनीं तक्रार केली, कितीजणांनीं उत्तर लिहिलें. शिवाय कांहीं पत्ते केवळ सांपळे म्हणून ठेविलेले असतात. ते कोणा मनुष्याचे नसतात, किंवा वर्षानुवर्षें टाकून दिलेले असतात. त्यांवर पत्र आलें कीं पाठविणारानें पत्ते चोरले किंवा विकत घेतले हें उघड होतें. विकत घेतलेल्या यादींत हे सांपळे असावयाचेच. १९९८ पासून काम करणारी ‘स्पॅमहाउस’ ही संस्था अशा पाठविणारांच्या काळ्या याद्या ठेविते, आणि जगांतले पुष्कळ द्वारपाल त्या पाहतात.

अशा अनाहूत पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. तो शब्द मूळचा १९३७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या एका डबाबंद मांसाचा. १९७० सालच्या एका ब्रिटिश विनोदी नाटिकेंत खानावळींतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थांत तेंच घालून वाढतात, त्यावरून नको असलेली वस्तु पुनःपुन्हां पानांत पडणें असा अर्थ त्याला चिकटला. आमच्याकडे ही व्युत्पत्ति समजल्यावर सासूबाईंनीं तो शब्द उच्चारणेंच सोडलें.

मोह मात्र जुना आहे. संगणकाच्या जाळ्यावरून एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत पत्र धाडण्याची युक्ति रे टॉमलिन्सन ह्यांनीं १९७१ सालीं काढली, आणि सातच वर्षांनीं, १९७८ च्या मे महिन्यांत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थर्क ह्या विक्री-अधिकाऱ्यानें सुमारें चारशें लोकांचे पत्ते छापील सूचींतून उचलून, नव्या संगणकाच्या प्रदर्शनाचें आमंत्रण सर्वांना एकदम पाठविलें. पत्ते इतके झाले कीं नेमलेल्या जागेंत न मावतां ते मजकुरांत सांडले. लोक संतापले, जाळें सांभाळणाऱ्यांनीं समज दिली. आपली विक्री मात्र वाढली, असें थर्कनें पुढें सांगितलें. ह्या शेवटच्या वाक्यापायींच आजवर किती पुतण्ये फसले असतील!

आम्हीं पहिलें काम केलें तें बारा हजारांची यादी पुसून टाकण्याचें. थोरल्या दिरांना तें पटेना. पैसे मोजलेली वस्तु फेंकून द्यावी हें आपल्या वळणांतच नाहीं. त्यांना मीं इंग्लंडांतलें उदाहरण सांगितलें. वेदरस्पून नांवाच्या, मद्यगृहें चालविणाऱ्या मोठ्या कंपनीनें २०१७ च्या जूनमध्यें गिऱ्हाइकांच्या ई-मेल पत्त्यांचा आपला सबंध संग्रहच नष्ट करण्याचें ठरविलें. तो बाळगणें हीच एक जोखीम आहे, असा तिचा हिशेब होता. दीर म्हणाले, “दारूवाल्यांचा दाखला आम्हांला देतेस होय?” पण यादी पुसूं दिली.

मग पेन्सिल आणि शाई. ह्या पद्धतीला आज ‘दुहेरी संमति’ असें भारदस्त नांव आहे, आणि पुतण्या जेव्हां तिचें वर्णन वाचून मला समजावूं लागला तेव्हां मीं उठून वहीच त्याच्यापुढें ठेविली. संकेतस्थळावर कोणी नांव-पत्ता भरला कीं तें नांव ‘पेन्सिलीचें’. लागलीच त्या पत्त्यावर एक लहान पत्र जातें: हा पत्ता आपणच दिला ना? आमचीं पत्रें हवीं असल्यास येथें खूण करावी. खूण झाली कीं शाई. पंधरा दिवसांत न झाल्यास नांव आपोआप पुसलें जातें. ह्यांत तीन फायदे होतात. पत्ता लिहितांना एखादें अक्षर चुकलें असल्यास तेथेंच कळतें. कोणी थट्टेनें दुसऱ्याचा पत्ता भरला असल्यास त्या बिचाऱ्याला त्रास होत नाहीं. आणि पुढें कोणी ‘तुम्हांला कोणी सांगितलें होतें?’ म्हणून विचारलें तर तारीखवार उत्तर देतां येतें. तोटा एवढाच कीं नांवें कमी जमतात. पुष्कळजण नांव भरतात आणि खूण करावयास विसरतात. त्यांच्यामागें लागूं नये.

नांवें जमवावीं कोठें, हा खरा प्रश्न होता. २०२३ च्या हंगामांत आम्हीं प्रत्येक पेटींत, वरच्या पेंढ्यावर, एक चिठ्ठी ठेविली: आंबा आवडल्यास आणि पुढील वर्षीं वर्दी हवी असल्यास येथें नांव द्यावें. फळ हातांत असतां आणि घरांत वास दरवळत असतां माणूस जें नांव देतो तें खरें असतें. बक्षिसांच्या सोडती, ‘नांव द्या व सवलत मिळवा’ असले प्रकार पुतण्यानें करून पाहिले. त्यांतून आलेलीं माणसें सवलत घेऊन गेलीं तीं गेलींच. संकेतस्थळावरील पृष्ठावर आम्ही नांव, ई-मेल पत्ता आणि ‘कच्चा कीं पिकलेला’ एवढेंच विचारतों. जन्मतारीख, फोन, पगार ह्यांच्याशीं आंबेवाल्याला काय करावयाचें आहे? आणि पेटी विकत घेतली म्हणजे पत्रांस संमति दिली असें आम्ही धरीत नाहीं. तो चौकोन वेगळा, आणि तो रिकामा असतो. आधींच खूण करून ठेविलेला चौकोन ही संमति नव्हे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयानें १ ऑक्टोबर २०१९ रोजीं एका जर्मन सोडत-कंपनीच्या खटल्यांत दिला आहे. आपल्याकडेहि २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून त्याचीं कलमें टप्प्याटप्प्यानें अमलांत यावयाचीं आहेत. संमति मोकळेपणें, समजून-उमजून, ठराविक कामापुरती आणि स्वतःच्या कृतीनें दिलेली असावी, ती देणें जितकें सोपें तितकेंच परत घेणें सोपें असावें, असें त्यांत म्हटलें आहे. कशासाठीं माहिती घेतां ती सूचना इंग्रजींत किंवा आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत वाचण्याची सोय ठेवावी लागते, म्हणजे मराठींतहि. माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊं शकतो. आमचें घरदार, कलमें आणि खाडी विकली तरी तो भरून निघणार नाहीं.

नांव कमी करण्याची सोय हा पुतण्याचा दुसरा धसका होता. तो दुवा तळाशीं, बारीक अक्षरांत, फिकट रंगांत ठेवावा असें त्याचें म्हणणें. मीं तो पत्राच्या आरंभींच ठेवावयास लाविला. ज्याला जावयाचें आहे त्याला दार सांपडलें नाहीं तर तो तक्रारीची घंटा वाजवितो, आणि ती घंटा द्वारपालाला ऐकूं जाते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू ह्यांनीं मोठ्या प्रमाणावर पत्रें पाठविणारांस नियमच घालून दिला: एका खुणेंत नांव कमी होण्याची सोय हवी, व ती विनंति दोन दिवसांत अमलांत आली पाहिजे, तक्रारी हजारीं तीनच्या खालीं राहिल्या पाहिजेत, आणि शक्यतों एकाच्याहि खालीं. गेलेल्या माणसाला ‘परत याल काय?’ असें विचारावयाचा मोहहि टाळावा. फ्लायबी ह्या ब्रिटिश विमान-कंपनीनें, ज्यांनीं जाहिरातीचीं पत्रें नकोत म्हणून कळविलें होतें अशा ३३ लाख लोकांना २०१६ सालीं ‘आपली माहिती बरोबर आहे ना?’ असें भाबडें पत्र धाडलें. मार्च २०१७ मध्यें तिला ७०,००० पौंड दंड झाला.

सर्वांत भयंकर चूक मात्र सर्वांत क्षुल्लक असते. २०१५ च्या सप्टेंबरांत लंडनच्या एका सरकारी चिकित्सालयानें एच्. आय्. व्ही. रुग्णांसाठीं चालविलेलें वार्तापत्र ७८१ जणांस पाठविलें. पाठविणारानें सर्वांचे पत्ते गुप्त प्रतीच्या जागीं न घालतां उघड्या जागीं घातले. त्यामुळें प्रत्येकाला इतर सर्वांचे पत्ते दिसले, आणि बहुतेक पत्त्यांत माणसाचें पूर्ण नांव होतें. संस्थेला १,८०,००० पौंड दंड झाला. पण ज्यांचीं नांवें उघडीं पडलीं त्यांचें काय झालें असेल! आंब्याच्या यादींत असलें गुपित नसतें हें खरें. तरी कोण कोणत्या पत्त्यावर राहतो आणि कोणाच्या घरीं दहा पेट्या जातात हेंहि शेजाऱ्याला समजावयाचें कारण नाहीं. आमच्या यादीची किल्ली आतां दोघांकडेच असते, आणि यंत्र एकेकाला स्वतंत्र पत्र पाठवितें.

तांत्रिक बाजू थोडक्यांत सांगतें, कारण ती एकदांच करावी लागते. आपल्या नांवानें कोणकोणत्या सर्व्हरांनीं पत्रें न्यावींत ह्याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. पत्र वाटेंत कोणी बदललें नाहीं हें दाखविणारी लाखेची मोहर म्हणजे डीकेआयएम. आणि ह्या खुणा जुळल्या नाहींत तर द्वारपालानें पत्राचें काय करावें ह्याची आपण दिलेली सूचना म्हणजे डीमार्क. दिवसाला पांच हजारांवर पत्रें पाठविणारांस तिन्ही सक्तीचीं आहेत; आमच्यासारख्यांनींहि तीं करून ठेवावींत, नाहींतर आमच्या नांवावर दुसराच कोणी आंबे विकेल. किती लोकांनीं पत्र उघडलें त्या आंकड्यावर पुतण्या पूर्वीं फार भिस्त ठेवी. २०२१ च्या शरदांत ॲपलनें आपल्या टपालांत पत्रांतलीं चित्रें आधींच उतरून घेण्याची सोय केल्यापासून तो आंकडा फुगतो. न उघडलेलें पत्रहि उघडलेलें दिसतें. मी उत्तरें मोजतें.

पत्रें लिहिण्याचें काम माझ्याकडे आहे. वर्षाला सहा, तसें नांव देतांनाच सांगितलेलें असतें, आणि सातवें जात नाहीं. पालवी, मोहोर, पहिली पेटी, हंगामाचा मध्य, शेवटची तोड, आणि पावसाळ्यांत एक आमसुलें-साटांचें. ‘आजच घ्या, उद्यां मिळणार नाहीं’ असें मीं एकदांहि लिहिलें नाहीं. अवकाळी पावसानें मोहोर गळला तर तें तसेंच लिहितें. एका वर्षीं तर अक्षयतृतीयेपर्यंत आमच्याकडून पेटी होणार नाहीं, ज्यांना सणाला हवीच त्यांनीं दुसरीकडे पाहावें, असें कळविलें. भाऊजींनीं कपाळाला हात लाविला. पण त्या पत्राला जितकीं उत्तरें आलीं तितकीं कोणत्याच पत्राला आलेलीं नाहींत. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसाला भौगोलिक चिन्हांकन मिळालें, तरी परप्रांतींचा आंबा रत्नागिरीचा म्हणून खपविणें थांबलेलें नाहीं. अशा बाजारांत आमच्यापाशीं विकण्यासारखें आंब्याखेरीज कांहीं असेल तर तो आमचा शब्द.

आतां वांटणीकडे वळतें. भाऊजींच्या मागणीवर त्या रात्रीं ओटीवर बराच खल झाला. थोरले दीर म्हणाले, वही मामंजींची, म्हणजे वडिलार्जित; तिघांचा सारखा हक्क. पुतण्या म्हणाला, कायद्यानें एका कामासाठीं घेतलेलें नांव दुसऱ्या कामाला लावतां येणार नाहीं. आणि त्यानें टॉयस्मार्टची गोष्ट सांगितली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समध्यें ह्या नांवाची खेळणीं विकणारी कंपनी होती. ‘आपली माहिती आम्ही कधींहि दुसऱ्यास देणार नाहीं’ असें तिनें आईबापांना लिहून दिलें होतें. २००० च्या मे महिन्यांत तिचें दिवाळें निघालें, आणि मालमत्ता विकतांना तिनें गिऱ्हाइकांची यादीहि वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन विक्रीस काढली. जुलैमध्यें तेथील व्यापार-आयोगानें दावा लाविला. अखेर २००१ च्या जानेवारींत, तिची मोठी भागीदार असलेल्या डिस्ने कंपनीच्या एका शाखेनें ५०,००० डॉलर देऊन ती यादी नष्ट करविली.

“म्हणजे मला कांहींच मिळणार नाहीं?” भाऊजींनीं विचारलें. त्यांचा स्वर रुसल्यासारखा होता, आणि त्यांत चूक कांहीं नव्हती. पेट्या बांधतांना त्यांच्याहि हाताला खिळे लागले होते. माझे यजमान सहसा अशा चर्चेंत पडत नाहींत. ते म्हणाले, “अण्णांनीं काय केलें असतें? जोडकार्ड पाठविलें असतें.”

तसेंच केलें. जूनमध्यें सर्व सहाशें अकरा जणांस मीं एक पत्र लिहिलें. आमचें घर आतां दोन चुलींचें झालें आहे. आंबे पूर्वींप्रमाणेंच येथून येतील. धाकटी पाती समुद्राकांठीं पाहुण्यांची सोय करीत आहे. तिचीं पत्रें ज्यांना हवीं असतील त्यांनीं येथें खूण करावी. न केल्यास आपलें नांव त्यांच्याकडे जाणार नाहीं. एकशें त्रेचाळीस जणांनीं खूण केली. सातजणांनीं ह्या निमित्तानें आमच्याकडचें नांवहि कमी केलें. भाऊजी प्रथम एवढ्याशा आंकड्यानें हिरमुसले. परंतु त्या पहिल्या दिवाळींत त्यांच्या चारहि खोल्या भरल्या त्या बहुतेक ह्या एकशें त्रेचाळिसांतूनच. पुतण्यानें त्यांनाहि तक्ता करून दिला आहे. त्यांत ‘शेरा’ असा रकाना आहे.

दादरच्या बाईंचें नांव ह्या दोन्ही याद्यांत नाहीं. २०२३ च्या माघांत मीं त्यांना जोडकार्ड लिहून विचारलें होतें. आठ दिवसांनीं उत्तर आलें: ई-मेल नको, तें यजमान पाहत; कार्ड पाठविल्यास वाचीन. तेव्हांपासून फाल्गुनांत त्यांना पोस्टकार्डच जातें. गेल्या सालीं त्यांनीं एक डझन मागविला. वहींत मीं लिहिलें आहे, ‘फळ लहान, एकट्याच आहेत, पिकलेला पाठविणें.’